संतूर आणि तबला : ‘साथ’ या संज्ञेविषयी

हिंदुस्थानी संगीतात तबलावादकाच्या कार्यास ‘साथ’ म्हणण्याची रूढी आहे. या शब्दातील दुय्यमत्वाची छटा पं. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) व उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांच्या अनेक दशकांच्या सहवादनास लागू पडत नाही. हुसेन जन्माने मुंबईचे. जम्मूचे शर्मा तेथेच स्थायिक झाले.

पियानोप्रमाणे संतुरातही तारांवर आघात होतो. फरक इतकाच की, येथे लाकडी कलमा प्रत्यक्ष वादकाच्या हाती असतात. स्वर उमटतो तोच ओसरू लागतो. ध्वनिविचाराच्या परिभाषेत ही स्पर्शव्यंजनांची भाषा होय. लांबणाऱ्या, सरकणाऱ्या स्वराचा, म्हणजे मींडेचा, तीत मूलतः अभाव. म्हणूनच हे काश्मिरी वाद्य रागसंगीतास अपात्र असल्याचा आक्षेप आरंभी घेतला गेला. शर्मांनी कलम तारेवर हलकेच घसरवून ही उणीव पुष्कळशी भरून काढली. मात्र ती पूर्णतः भरली, असे म्हणणे भक्तिभावाचे होईल.

उरलेले कार्य डग्गा करतो. मनगटाच्या दाबाने त्याचा नाद वर चढविता येतो, खाली उतरविता येतो. हुसेन यांच्या हाती त्यास जवळजवळ स्वरवाक्याची योग्यता येई. संतुरास जे उच्चारता येत नाही, ते डग्गा उच्चारतो. उलट संतुराच्या पंक्ती तबल्याच्या बोलांप्रमाणे बांधलेल्या असत. यात नवल नाही. शर्मा पिता पं. उमादत्त शर्मा यांच्याकडे तबलाही शिकले होते, आणि ‘गाइड’ (१९६५) या चित्रपटातील एका गीतात तबला त्यांनीच वाजविला आहे. तंतुवाद्याने लय बोलावी आणि अवनद्ध वाद्याने स्वर, असा हा कार्यविनिमय आहे.

द्रुत लयीतील सवाल-जवाबास टाळ्या हमखास पडत. परंतु तेथे एकाचे उद्गार दुसरा केवळ पुन्हा उच्चारतो, त्यात भर घालीत नाही. या सहवादनाचा तो दुबळा भाग होय. त्याचे खरे सामर्थ्य रूपक, झपताल अशा तालांतील मध्यलयीच्या गतीत आढळते. रूपकाची सम खालीवर असते, त्यामुळे आवर्तनाचा आरंभच भाररहित होतो. संतूरवादक ती सम ओलांडून पंक्ती लांबवितो, त्या वेळी तबलजीने काय न वाजवावे हाच प्रश्न असतो. आलाप, जोड व झाला होईपर्यंत तबला मूक राहिलेला असतो. त्यानंतरची पहिली काही आवर्तने निव्वळ ठेक्यावर ठेवणे, हे हुसेन यांच्या ख्यातीच्या वादकास सर्वांत कठीण असले पाहिजे.