बोर्मेन्तालची नोंदवही

मिखाईल बुल्गाकोव्ह याच्या ‘कुत्र्याचे हृदय’ या लघुकादंबरीवर विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बरेचसे ती सोव्हिएत राजवटीवरील रूपककथा आहे हे सिद्ध करण्यातच खर्ची पडले आहे. १९२५ साली लिहिलेल्या या कृतीचे हस्तलिखित १९२६ मध्ये जप्त झाले, १९६८ मध्ये ती परदेशात छापली गेली आणि स्वदेशी वाचकांच्या हाती पडावयास १९८७ साल उजाडावे लागले. असे भाग्य लाभलेल्या पुस्तकात टीकाकारांनी राजकारण शोधावे, हे स्वाभाविकच होय. मात्र त्यामुळे पाचव्या प्रकरणाकडे दुर्लक्ष झाले. हे प्रकरण म्हणजे प्रोफेसर प्रेओब्राझेन्स्की यांचा साहाय्यक डॉक्टर बोर्मेन्ताल याने ठेवलेली प्रयोगशाळेतील कुत्र्याची रुग्णनोंद आहे, आणि कादंबरीचे मर्म तिच्यातच दडलेले आहे.

बुल्गाकोव्ह स्वतः वैद्यकीचा पदवीधर होता. किएव्ह येथे १९१६ साली तो डॉक्टर झाला. त्यामुळे नोंदीचा कोरडा साचा त्याला अंगवळणी पडलेला होता: वय अंदाजे दोन वर्षे, नर, जात गावठी, वजन आठ किलो. त्यानंतर शस्त्रक्रिया, आणि मग रोजची नाडी, श्वास व तापमान. २६ डिसेंबर रोजी नाडी १८०, श्वास ९२, ताप ४१. दुसऱ्या दिवशी अनुक्रमे १५२, ५० व ३९.८. हे आकडे केवळ वातावरणनिर्मितीसाठी घातले आहेत असे मानणारा वाचक २८ तारखेच्या नोंदीवरून सहज पुढे जातो. तेथे लिहिले आहे की, दुपारी कुत्र्याला एकाएकी दरदरून घाम फुटला आणि तापमान ३७.० वर आले. बोर्मेन्ताल ही सुधारणा समजतो. परंतु कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. त्याच्या घर्मग्रंथींचे कार्य मुख्यतः पंजांच्या तळव्यांपुरते असते आणि उष्णता तो धापा टाकून बाहेर सोडतो. निरोगी कुत्र्याचे तापमानही सामान्यतः ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ३७ हा आकडा माणसाचा आहे! रूपांतराची पहिली वार्ता वाचेने नव्हे, तापमापकाने दिली. ती टिपणाऱ्याला मात्र कळली नाही. आकडा अचूक आहे, पण तो कोणत्या प्राण्याच्या प्रमाणाशी ताडावयाचा हे ठरविण्यात चूक झाली. पशुवैद्यकीय चाचणीचा कोणताही अहवाल वाचताना हाच धोका असतो.

दुसऱ्याच दिवशी केस गळू लागतात. त्वचारोगांचे एक प्राध्यापक आणि मॉस्कोच्या पशुवैद्यकीय संस्थेचे संचालक यांना पाचारण केले जाते. अशी घटना वाङ्मयात नमूद नाही, एवढेच सांगून ते परततात. ३० तारखेला वजन तीस किलो भरते. येथवर येताना वहीचे अक्षर बिघडत गेलेले असते, शाईचे डाग पडलेले असतात, वर्षारंभीच्या नोंदीत महिनाही चुकून डिसेंबरच पडतो आणि मग खोडला जातो. हे सारे तपशील विनोदी आहेत खरे; परंतु नोंदणाऱ्याची प्रकृती नोंदविल्या जाणाऱ्याइतकीच ढासळत आहे, हेही त्यांवरून कळते.

नोंदवहीच्या विश्वासार्हतेविषयी याहून गंभीर शंका दोन ठिकाणी उत्पन्न होते. पहिल्या प्रकरणात कुत्रा स्वतःच्या तोंडून सांगतो की, खाणावळीतील स्वयंपाक्याने उकळते पाणी फेकून त्याची डावी कूस भाजली. नोंदवहीत मात्र बऱ्या झालेल्या भाजल्याचा व्रण उजव्या कुशीवर आहे. तसेच, ज्याच्या इंद्रियांचे रोपण केले तो मनुष्य शस्त्रक्रियेच्या नोंदीत २८ वर्षांचा आहे, तर वहीत मागाहून घातलेल्या पानावर २५ वर्षांचा. लेखकाला मुद्रिते तपासण्याची संधी कधीच मिळाली नाही. तेव्हा हे अनवधान असणे शक्य आहे, किंबहुना तेच अधिक संभवनीय. तथापि कुशीच्या बाबतीत वाचक डॉक्टरवर नव्हे, कुत्र्यावर विश्वास ठेवतो, कारण वेदना त्याची आहे. लेखकाने हे योजिले असो वा नसो, परिणाम तोच.

त्या मागाहून घातलेल्या पानाचे महत्त्व याहूनही अधिक आहे. दारूने वाढलेले यकृत, गुत्त्यात बालालैका वाजविण्याचा धंदा, न्यायालयात तीनदा उभे राहण्याचा प्रसंग, अखेर सुऱ्याचा घाव: दात्याचा हा इतिहास सर्व काही उरकल्यावर हाती येतो. ज्याला द्यावयाचे त्याचे वजन, नाडी, श्वास, सारे मोजले. ज्याच्याकडून घ्यावयाचे त्याची चौकशी कोणी केली नाही. आज एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्यास देण्यापूर्वीदेखील दात्याच्या रक्तात गोचिडीवाटे पसरणारे रोगजंतू नाहीत ना, हे तपासण्याचा प्रघात आहे. प्रेओब्राझेन्स्कीच्या पांडित्याचा मोठा गौरव करणाऱ्या टीकाकारांनी त्याच्या या हलगर्जीपणाचा जाब विचारलेला फारसा आढळत नाही. त्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. परंतु पुढे घरात जो अनर्थ माजतो त्याचे खापर केवळ नव्या राजवटीवर फोडणे हे कादंबरीला अन्यायकारक होय.

१७ जानेवारी रोजी बोर्मेन्ताल ही नोंद बंद करतो. समोर नवा प्राणी आहे, त्याचे निरीक्षण प्रारंभापासून करावे लागेल, असे तो लिहितो. ती दुसरी वही कादंबरीत कोठेच येत नाही. सहावे प्रकरण उघडते ते चौकटीवर लावलेल्या प्रोफेसरांच्या हस्ताक्षरातील एका सूचनेने, आणि तिच्यात घरामध्ये सूर्यफुलाच्या बिया खाण्यास मनाई केलेली असते.