एका दीर्घ आयुष्याचे वाचन

बुऱ्हाणपुरास येणारा प्रवासी तापी ओलांडून जैनाबादेस गेला की, आहूखान्याच्या बागेत त्याला एक रिकामी जागा दाखविण्यात येते. मुमताज महल १६३१ च्या जून महिन्यात या शहरी आपल्या चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. प्रथम तिला येथे पुरले व त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे शव आग्र्यास नेले. त्या स्त्रीविषयी या शहराला जे ठाऊक आहे ते मुख्यतः तिचे मरण होय. थडग्यावरून आयुष्य वाचण्याची ही सवय केवळ प्रवाशांची नव्हे. आपल्या मंडळ्यांतील चरित्रलेखनासही ती जडलेली आहे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात एका मेनोनाइट स्त्रीच्या आयुष्याचा दाखला घेऊन या सवयीची परीक्षा करावयाची आहे.

मेनोनाइट हे नाव बुऱ्हाणपूर-खंडव्याकडील मराठी सेवकांस अगदीच अपरिचित नाही. बुऱ्हाणपूर ज्या मध्यप्रांतात मोडत असे, त्याच प्रांतात धमतरी येथे १८९९ साली अमेरिकन मेनोनाइटांचे काम सुरू झाले व लवकरच चांपा येथे त्यांच्या दुसऱ्या शाखेचे. तिसरी शाखा, मेनोनाइट ब्रदरन, हिने निजामाच्या हैदराबाद संस्थानातील तेलुगू मुलूख निवडला. मराठवाडाही त्या वेळी याच संस्थानात होता. या तिसऱ्या शाखेच्या डॉ. काटारिना शेलेनबर्ग यांचे आयुष्य आम्ही येथे विचारास घेत आहोत.

त्यांचा जन्म १८७० साली दक्षिण रशियातील मोलोच्ना वसाहतीत झाला. ती भूमी आज युक्रेन देशात आहे. १८७९ साली कुटुंब अमेरिकेतील कॅन्सस प्रांती गेले. वडील अब्राहाम शेलेनबर्ग हे मंडळीचे एक प्रमुख पुढारी होते. काटारिनाबाईंनी पुढे वैद्यकीचे शिक्षण घेतले, १९०७ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि १ जानेवारी १९४५ रोजी शमशाबाद येथे मरण पावल्या. आज ते गाव हैदराबादच्या विमानतळामुळे सर्वांस ठाऊक आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या आयुष्यात सुमारे आठ वर्षे रशियाची, अठ्ठावीस अमेरिकेची व सदतीस या देशाची आहेत.

आता आपल्याकडे अशा बाईंचे चरित्र कसे सांगितले जाते ते पाहा. एका सुखी देशातील मुलीस पाचारण होते, ती सर्वस्वाचा त्याग करून बोटीत बसते, मुंबईस उतरते, अंधारात प्रकाश आणते, आणि शेवटी येथल्याच मातीत विसावते. स्मृतिदिनाचे उपदेश याच साच्यातून निघतात. साचा कृतज्ञतेतून घडला आहे, हे आम्ही मान्य करतो. मिशनचे अहवाल दूरदेशीच्या वर्गणीदारांसाठी लिहिले जात, आणि त्यांतून हीच मांडणी आपल्याकडे उतरली, हेही समजण्यासारखे आहे. तथापि कृतज्ञता खरी असली म्हणून चरित्र खरे होत नाही.

या साच्याचा पहिला दोष असा की, तो आयुष्याचा पूर्वार्ध प्रस्तावनेत घालवितो. काटारिनाबाई आल्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. 'घर सोडले' असे आपण म्हणतो. परंतु घर सोडणे म्हणजे काय ते त्यांना आठव्या वर्षीच कळले होते. मेनोनाइट हे सोळाव्या शतकातील मेन्नो सिमन्स यांच्या परंपरेतले लोक. शस्त्र हाती धरावयाचे नाही, ही त्यांची शिकवण. या कारणे ते देशोदेशी फिरले. रशियात त्यांना लष्करी सेवेतून सूट होती म्हणून ते तेथे वसले. आणि १८७४ च्या सक्तीच्या लष्करी कायद्याने ती सूट धोक्यात येताच, पुढील दहाएक वर्षांत सुमारे १८,००० माणसे उत्तर अमेरिकेस निघून गेली. शेलेनबर्ग कुटुंब या लाटेतले. ज्या लोकांनी माणसावर तलवार उगारण्यापेक्षा पिकती शेते सोडणे पत्करले, त्यांच्या एका मुलीने पुढे औषधाची पेटी हाती घ्यावी, यात आम्हांस एकच सूत्र दिसते. चरित्रकार ते सूत्र तोडतो. मग रुग्णसेवा ही केवळ दयाळू स्वभावाची गोष्ट उरते, आणि तिच्यामागील शांतीची साक्ष वाचकापर्यंत पोहोचतच नाही. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही हानी लहान वाटू नये.

दुसरा दोष 'त्याग' या शब्दाचा आहे. हा शब्द कामावर पडदा टाकतो. पुरुष वैद्यापुढे ज्या स्त्रिया येत नसत त्यांना तपासणे, अडलेली बाळंतीण सोडविणे, जखम धुणे, औषध मोजून देणे, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच करणे, हे स्त्री वैद्याचे दिवस होत. मुमताजला बादशाही वैद्यांनीही ज्यातून वाचविले नाही, त्याच प्रसंगातून गावोगावच्या अनाम स्त्रियांना सोडविणे हे एक शास्त्र आहे, कौशल्य आहे. ते कौशल्य कसे मिळविले, कोठे अपुरे पडले, हे विचारणे म्हणजे साधुत्वाची विटंबना नव्हे. शिवाय त्याग एकपदरी नसतो. स्वदेश सोडला हे खरे. परंतु मिशनचा बंगला व त्याबाहेरील वस्ती यांतील अंतरही तितकेच खरे. जे चरित्र यांपैकी एकच सांगते, त्यावर पुढील पिढी विश्वास ठेवणार नाही.

तिसरा दोष सर्वांत जड आहे. अशा प्रत्येक दवाखान्यात भाषा समजावून देणाऱ्या, रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या, घरोघर जाणाऱ्या देशी स्त्रिया असत. परिचारिका आणि बायबल-बाया यांच्यावाचून एकही दिवस काम चालले नसते. चरित्रात त्या 'मदतनीस' म्हणून येतात. त्यांना नाव नसते, आणि म्हणून दीर्घायुष्यही नसते.

हे टाळता येते, याचा पुरावा मराठीतच आहे. काटारिनाबाईंहून दोन वर्षांनी वडील असलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांनी 'स्मृतिचित्रे'त आपले आयुष्य आपणच सांगितले. त्यात रुसवे आहेत, विनोद आहे, सोवळ्याओवळ्याचा पीळ हळूहळू सुटत जाण्याची कबुली आहे. आणि त्यामुळेच त्यातील श्रद्धा वाचकास पटते. डॉ. आनंदीबाई जोशी तर एकविसाव्या वर्षीच, १८८७ साली, गेल्या. तरी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांची पत्रे आहेत, म्हणून त्यांचा आवाज आजही ऐकू येतो. आयुष्याची लांबी आणि चरित्राची खोली यांचा संबंध नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. प्रश्न एवढाच, की बोलावयाची संधी आपण कोणास देतो.

येथे कोणी म्हणेल, की रशिया व कॅन्ससच्या कथा आमच्या मंडळीस कशाला? आमचे उत्तर असे की, स्थलांतर बुऱ्हाणपुरास परके नाही. सोळाव्या शतकात सिंधहून आलेल्या लोकांची वस्ती तेथे सिंधीपुरा या नावाने आजही आहे. विणकर, व्यापारी, सूफी आणि शिपाई अशा आलेल्या माणसांनीच ते शहर घडविले. विश्वासासाठी घर सोडणाऱ्या माणसाची कथा तेथील ऐकणाऱ्यास समजेल. किंबहुना निव्वळ गौरवापेक्षा तीच त्याला जवळची वाटेल.

प्रेषितांच्या कृत्यांत दुर्कस मरण पावते तेव्हा विधवा पेत्रापुढे तिची स्तुती रचीत नाहीत. तिने आपल्यासोबत असताना केलेले कपडे त्या रडत रडत दाखवितात. विणकरांच्या शहरातील वाचकास या दृश्याचा अर्थ सांगावयास नको. वाचकहो, यापुढे आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्ध भगिनीचे, मग ती परदेशी असो वा येथलीच दाई असो, स्मरण करण्याची वेळ आली, तर तिच्या थडग्यापासून आरंभ करू नका. ती कोठून आली, का आली, तिच्या हातांनी काय केले, आणि त्या हातांशेजारी कोणाचे हात होते, हे अगोदर विचारा. शक्य तर ती हयात असतानाच तिला विचारा. तिचे शब्द तिच्याच बोलीत टिपून ठेवा.