चाचणी घेणारा आणि चाचणी तपासणारा

मानसशास्त्रात पुढे शिकू पाहणारे माजी विद्यार्थी भेटायला आले, की हल्ली एक नवा प्रश्न कानावर येतो : पीएच.डी. करावी की सायडी? सायडी म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी. ही पदवी संशोधकापेक्षा रुग्ण तपासणाऱ्यासाठी आणि न्यायालयाला अहवाल देणाऱ्यासाठी आखलेली आहे. प्रबंधाचा भार हलका, प्रत्यक्ष कामाचे तास अधिक. विचारणाऱ्याला बहुधा ‘कशात लवकर सुटका’ एवढेच हवे असते. आम्ही मात्र जरा आडवाटेने उत्तर देणार आहोत.

१८९६ साली फिलाडेल्फियातील एका शिक्षिकेने आपला एक विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लायटनर विटमर यांच्याकडे नेला. मुलगा चौदा वर्षांचा, बुद्धीने बरा, पण शुद्धलेखनात सारखा अडखळणारा. तपासणीत त्याच्या दृष्टीत दोष निघाला. चष्मा आला, शिकवणीही सुरू झाली. जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय ते हेच. हा विषय एका शिक्षिकेच्या अडचणीतून जन्मला, हे आपण शिक्षकांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही. विटमर प्रयोगशाळेत घडलेले, लाइपझिगच्या वुंट यांचे विद्यार्थी. प्रयोग आणि उपचार हे दोन वेगळे धंदे आहेत, असे त्यांना वाटले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनाने खचलेले सैनिक हजारोंनी घरी परतले आणि अमेरिकेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची तातडीने गरज पडली. १९४९ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे परिषद भरली. तिथे ठरले, की असा माणूस संशोधकही हवा आणि उपचारकही. पण प्रत्यक्षात बहुतेकजण पीएच.डी.नंतर संशोधनाकडे फिरकत नसत आणि विद्यापीठे मात्र रुग्णाशी बोलण्यापेक्षा प्रबंधालाच मान देत. ही तक्रार खरी होती. १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने डोनाल्ड पीटरसन यांच्या पुढाकाराने सायडीचा अभ्यासक्रम काढला आणि १९७३ च्या वेल परिषदेने या वाटेला मान्यता दिली. (इलिनॉयचा तो अभ्यासक्रम पुढे बंद झाला, पण वाट रुळली.) ‘संशोधन करणारा’ नको, ‘संशोधन वाचून वापरणारा’ पुरे, असा हा विचार.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. वापरणारा पुरे, हे कबूल. पण हाती आलेले साधन चालते की नाही, हे पाहणार कोण?

पॉल मील यांनी १९५४ साली एक छोटे पुस्तक लिहून आपल्याच व्यवसायबंधूंना दुखावले. अनुभवी तज्ज्ञाचा अंदाज आणि साध्या आकडेमोडीचे सूत्र यांची तुलना करणारे सुमारे वीस अभ्यास त्यांनी समोर मांडले. जवळजवळ सर्वांत सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. मील स्वतः उपचारही करत, म्हणून त्यांचे म्हणणे बाहेरच्याची टीका म्हणून झटकता येत नाही. अनुभवाचे तास वाढले की अंदाज आपोआप सुधारतो, हा भरवसा त्या पुस्तकाने डळमळीत केला. आणि सायडीचा मुख्य दावा तर तासांवरच उभा आहे!

न्यायसहायक मानसशास्त्रात ही गोष्ट फार महागात पडते. समजा, १००० कैद्यांपैकी २० जण सुटल्यावर पुन्हा हिंसा करणार आहेत. त्यांना ओळखणारी एक चाचणी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती २० पैकी १८ जणांना पकडेल. छान! पण उरलेल्या ९८० निरुपद्रवी माणसांपैकी ९८ जणांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे ‘धोकादायक’ ठरलेल्या ११६ पैकी खरे १८. नववीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. पण अहवालावर सही करणाऱ्याच्या डोक्यात ते नसेल, तर ‘९० टक्के अचूक’ एवढेच न्यायाधीशांच्या कानावर पडते.

हे अमेरिकेपुरतेच नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीला जन्मठेप सुनावताना मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून ‘अनुभवाची आठवण’ शोधणाऱ्या तंत्राचाही आधार घेतला. स्वतंत्र संशोधकांनी हे तंत्र पडताळलेले नव्हते. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते अशास्त्रीय ठरवले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही तपासणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही. मधल्या काळात तंत्र चालवणारे प्रशिक्षित होते, यंत्र नीट चालत होते. प्रश्न यंत्र चालवण्याचा नव्हताच. आणि पीएच.डी. असती तर हे टळले असते, असेही आम्ही म्हणणार नाही. हे तंत्र ज्या वर्तुळात घडले, तिथे पीएच.डी.वाल्यांची वाण नव्हती.

आपल्याकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज काम करता येत नाही. तसा कायदा १९९२ चा आहे. अनेक वर्षे त्यासाठी एम.फिल. हीच प्रमुख वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. या विषयापुरती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून मिळाली, एवढेच. सायडीचा अभ्यासक्रमही परिषदेने आखलेला आहे. तेव्हा ही पदवी वाईट, असे सांगून मुलांना परतवणे बरोबर होणार नाही. रुग्णासमोर बसायची भीती वाटणारा पीएच.डी.धारक आम्हीही पाहिला आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्या विभागात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध मागावेत. त्यांत कोणी एखादी प्रचलित चाचणी मराठी बोलणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसांवर चालते का, हे तपासले आहे का? की सगळ्यांनी ती चाचणी गृहीत धरूनच पुढची पाने भरली आहेत? आणि जमल्यास वरचे १८ व ९८ चे गणित तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घालून पाहावे.