सैनिकांच्या गोष्टीत न मावणारा दाह

पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि दाह म्हणजे लढाई, असे आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. कुत्र्यांच्या कर्करोगापाशी ही उपमा लंगडी पडते. दाहात तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ कुत्र्याच्या टी-पेशींना मंदावते, शिवाय पीडी-एल-१ हे प्रथिन वाढवते, असे होक्काइडो विद्यापीठातील संशोधकांना २०१९ साली दिसले. हे प्रथिन टी-पेशीवरील पीडी-१ला जोडले गेले, की ती पेशी थंडावते. म्हणजे गाठ नुसती लपत नाही. शरीराने स्वतःला आवरायला ठेवलेला लगामच ओढते. सैनिकांच्या गोष्टीत या लगामाला जागाच नाही! प्रोस्टाग्लँडिन रोखणाऱ्या मेलॉक्सिकॅमने प्रयोगशाळेत पीडी-एल-१विरोधी प्रतिपिंडाचा परिणाम वाढला. (हे वाचून घरातली वेदनाशामक गोळी मात्र कुत्र्याला देऊ नये; आयबुप्रोफेन त्याला विषारी असते.)