चूक, पात्रता आणि साहित्य : अमेरिकन कम्युनिटी कॉलेजातील इंग्रजी अध्यापनाच्या संदर्भात तीन ग्रंथांची चिकित्सा

सारांश

अपुऱ्या पूर्वतयारीने महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखन व साहित्य कसे शिकवावे, हा प्रश्न अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांपुढे अनेक दशके उभा आहे. प्रस्तुत निबंधात मीना शॉनेसी, माइक रोज आणि 'प्रोफेसर एक्स' या टोपणनावाने लिहिणारे अध्यापक यांच्या ग्रंथांचा तौलनिक विचार केला आहे. विद्यार्थ्याच्या लेखनातील चुकीकडे प्रत्येक लेखक कसे पाहतो, यावरून त्याची शिक्षणविषयक भूमिका उलगडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कम्युनिटी कॉलेज, मुक्त प्रवेश, उपचारात्मक अध्यापन, लेखनदोष, साहित्याध्यापन.

प्रस्तावना

उच्च शिक्षणाची दारे सर्वांना खुली करणे ही एक गोष्ट झाली आणि आत आलेल्या प्रत्येकाला शिकविणे ही दुसरी. पहिली धोरणाने साधते. दुसरी वर्गात घडते आणि तिची खरी कसोटी लागते ती विद्यार्थ्याने लिहिलेला कागद अध्यापकाच्या हाती येतो तेव्हा. त्या कागदावरील चुका मोजून बाजूला ठेवायच्या की वाचायच्या, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः त्यामागे कोणाला ज्ञानाचा अधिकार आहे, हा मोठा प्रश्न दडलेला असतो.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ही द्विवर्षीय अभ्यासक्रम चालविणारी संस्था होय. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले. १९४७ च्या ट्रूमन आयोगाच्या अहवालाने 'कम्युनिटी कॉलेज' या संज्ञेला व संकल्पनेला देशव्यापी प्रतिष्ठा मिळवून दिली. नोकरी करून शिकणारे, स्थलांतरितांची मुले, वयाने मोठे झाल्यावर शिक्षणाकडे परतणारे स्त्री-पुरुष असा येथील विद्यार्थिवर्ग आहे. व्यवसायशिक्षण घेणारा असो वा पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणारा, बहुतेकांना इंग्रजी लेखनाचा पहिला अभ्यासक्रम ओलांडावाच लागतो. पुष्कळ ठिकाणी त्याच्यापुढचा अभ्यासक्रम साहित्यवाचनावर आधारलेला असतो. त्यामुळे इंग्रजी हा विषय या संस्थांत प्रवेशद्वारही ठरतो आणि अडसरही.

शॉनेसी : चुकीमागील तर्क

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील प्रत्येक शालान्त विद्यार्थ्यासाठी आपल्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा उपलब्ध करून दिली. या मुक्त प्रवेशाच्या धोरणाने द्विवर्षीय आणि चतुर्वर्षीय अशा दोन्ही प्रकारच्या महाविद्यालयांचे स्वरूप पालटले. त्याच विद्यापीठाच्या सिटी कॉलेजात मीना शॉनेसी (१९२४-१९७८) अध्यापन करीत होत्या. हे महाविद्यालय कम्युनिटी कॉलेज नव्हते. तथापि तेथे उभे राहिलेले प्रश्न कम्युनिटी कॉलेजांचेच होते आणि त्यांच्या 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) या ग्रंथाचा प्रभाव तेथील अध्यापनावर खोलवर पडला.

सुमारे चार हजार प्रवेशनिबंधांच्या वाचनावर हा ग्रंथ उभा आहे. हस्ताक्षर, विरामचिन्हे, वाक्यरचना, वर्णलेखन, शब्दसंग्रह असे त्याचे प्रकरणवार विवेचन चालते. एरव्ही केवळ गुणवजाबाईचे कारण ठरणाऱ्या वाक्यांना शॉनेसी पुराव्याचा दर्जा देतात. चूक ही आळसातून किंवा मंदबुद्धीतून निपजत नाही; तिला स्वतःचा तर्क आणि इतिहास असतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. ज्याला लिहिण्याचा सराव मिळालेला नाही, तो बोलीतील नियम आणि अर्धवट स्मरणारे शालेय नियम यांची सांगड घालून वाक्य रचतो. त्या प्रयत्नातील सुसंगती ओळखल्याशिवाय त्याला पुढे नेता येत नाही.

या ग्रंथाची मर्यादा मिन-झान लू यांनी १९९१ मधील आपल्या लेखात नेमकी दाखविली. भाषेचे रूप बदलले तरी विद्यार्थ्याचा आशय तसाच राहील, असे शॉनेसी गृहीत धरतात, हा लू यांचा आक्षेप आहे. घराची भाषा आणि विद्यापीठाची भाषा यांच्यातील संघर्ष हा केवळ रूपांचा नसतो. तो जगाकडे पाहण्याच्या दृष्टींचाही असतो. आक्षेप सबळ आहे. शॉनेसींच्या विवेचनात वाक्य जितके सूक्ष्मपणे वाचले जाते, तितके त्या वाक्यातून विद्यार्थी काय म्हणू पाहतो, हे वाचले जात नाही. असे असले तरी विद्यार्थ्याचे लेखन गंभीर वाचनास पात्र आहे, ही भूमिका ज्या ग्रंथाने रुजविली, त्याच्या आधारावरच असा आक्षेप घेणे शक्य झाले, हेही मान्य करावे लागते.

रोज : वर्गवारीचा अपघात

माइक रोज (१९४४-२०२१) यांच्या 'लाइव्ह्ज ऑन द बाउंडरी' (१९८९) या ग्रंथात आत्मकथन आणि शिक्षणमीमांसा एकत्र गुंफलेली आहेत. इटालियन स्थलांतरितांच्या या मुलाचे बालपण दक्षिण लॉस एंजलिसच्या श्रमिक वस्तीत गेले. माध्यमिक शाळेत त्याच्या आणि त्याच आडनावाच्या दुसऱ्या मुलाच्या चाचणीचे निकाल अदलाबदल झाले आणि त्याला व्यवसायशिक्षणाच्या तुकडीत टाकण्यात आले. चूक लक्षात येईपर्यंत मधला काळ सरला होता आणि तुकडीनुसार अपेक्षा ठेवण्याची सवय मुलाच्याही अंगवळणी पडली होती. पुढे इंग्रजीच्या एका शिक्षकाने त्याला ग्रंथांच्या जगात आणले.

हा प्रसंग ग्रंथाचा कणा आहे. एका कागदाच्या अदलाबदलीने मुलाचे भवितव्य बदलू शकते, तर ज्यांच्या निकालांची अदलाबदल झाली नव्हती त्यांची वर्गवारी तरी कितपत न्याय्य होती, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. रोज यांनी पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांना शिकविले. तेथे त्यांनी अभ्यासक्रमाची बांधणी सारांश, वर्गीकरण, तुलना आणि विश्लेषण या बौद्धिक क्रियांभोवती केली. व्याकरणाचे सुटे पाठ घटवून घेण्याऐवजी विद्यापीठीय विचारपद्धतीच उघड करून दाखविणे, हे त्यामागील सूत्र होते.

चुकीच्या वाचनात रोज हे शॉनेसींच्या एक पाऊल पुढे जातात. एका विद्यार्थिनीच्या निबंधातील अपूर्ण वाक्यांविषयी ते तिच्याशीच बोलतात. तेव्हा उलगडते की एकच क्रियापद पुनःपुन्हा आल्याने लेखन पोरकट वाटेल, या भीतीने तिने ते गाळले होते. म्हणजे चूक घडली ती प्रौढ शैलीकडे झेप घेण्याच्या धडपडीत. नियमाचे ज्ञान तपासणारी चाचणी ही धडपड टिपू शकत नाही. शॉनेसी कागद वाचतात. रोज कागद लिहिणाऱ्याला विचारतात. १९८५ मधील एका निबंधात त्यांनी 'उपचार' या संज्ञेवरच बोट ठेवले होते. वैद्यकातून आलेला हा शब्द विद्यार्थ्याला रुग्ण ठरवितो आणि महाविद्यालयाला त्याच्याविषयीच्या शैक्षणिक जबाबदारीतून मोकळे करतो.

प्रोफेसर एक्स : पात्रतेचा निवाडा

या परंपरेला उघड छेद देणारा लेख 'द अटलांटिक' या मासिकात जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये 'इन द बेसमेंट ऑफ द आयव्हरी टॉवर' या नावाने त्याचा ग्रंथविस्तार आला. लेखक एका छोट्या खासगी महाविद्यालयात आणि एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना लेखन व साहित्य शिकविणारे अंशकालीन अध्यापक आहेत. नोकरीतील बढतीसाठी पदवीची अट असल्याने आलेले अनेक विद्यार्थी महाविद्यालयीन अभ्यासाला पात्र नाहीत. त्यांना प्रवेश देऊन नंतर अनुत्तीर्ण करणे ही क्रूर फसवणूक आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

लेखात चाळिशी ओलांडलेल्या, संगणकाची ओळख नसलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रसंग आहे. ती मनापासून कष्ट घेते आणि तरीही तिचा शोधनिबंध अनुत्तीर्ण ठरतो. निवेदनात अध्यापकाची व्यथा खरी आहे, आणि संस्थांच्या दांभिकतेवरील टीकाही रास्त आहे. शुल्क घ्यायचे, आधार द्यायचा नाही आणि अपयशाचा निरोप सर्वांत कमी वेतन घेणाऱ्या अध्यापकाकरवी पोचवायचा, ही व्यवस्था ग्रंथात स्पष्ट दिसते.

तथापि ग्रंथातील तर्काची साखळी येथेच तुटते. वर्णिलेल्या परिस्थितीवरून निघणारा स्वाभाविक निष्कर्ष असा की व्यवस्था अपुरी आहे. लेखक मात्र विद्यार्थी अपुरा आहे, या निष्कर्षावर येतो. त्या विद्यार्थिनीचे संगणकाविषयीचे अज्ञान ही काही आठवड्यांत भरून निघणारी उणीव आहे. ती बौद्धिक मर्यादेचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय शॉनेसी किंवा रोज यांच्याप्रमाणे तिची वाक्ये आतून वाचली जात नाहीत. ती केवळ तिच्या अपयशाची साक्ष देण्यासाठी येतात. साहित्यावर उत्कट प्रेम करणारा हा लेखक साहित्यकृतीला जे सूक्ष्म वाचन देतो, ते विद्यार्थ्याच्या लेखनाला देत नाही. यासाठी एकट्या व्यक्तीला दोष देणे अन्यायाचे होईल. सूक्ष्म वाचनाला वेळ लागतो आणि तासांवर मोजून वेतन मिळणाऱ्या अध्यापकाला तो वेळ कोणी देत नाही. कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य अध्यापक अंशकालीन आहेत, ही वस्तुस्थिती येथे निर्णायक ठरते.

साहित्याचे स्थान

लेखनाच्या वर्गात साहित्य असावे की नसावे, यावर १९९३ मध्ये 'कॉलेज इंग्लिश' या नियतकालिकात एरिका लिंडेमन आणि गॅरी टेट यांच्यात गाजलेला वाद झाला. विद्यार्थ्याला विविध विद्याशाखांतील लेखन शिकवायचे असल्याने साहित्याला तेथे जागा नाही, हा लिंडेमन यांचा पक्ष. साहित्य वगळून लेखनाचे शिक्षण दरिद्री होते, हा टेट यांचा पक्ष. विद्यापीठात हा वाद अभ्यासक्रमाच्या आखणीपुरता असू शकतो, कारण तेथे साहित्य अन्यत्र भेटते. कम्युनिटी कॉलेजातील कित्येकांसाठी मात्र हा एकच वर्ग साहित्याची अखेरची भेट असतो. तेथून कविता वगळणे म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणातूनच कविता वगळणे होय.

डेव्हिड बार्थोलोमे आणि अँथनी पेट्रोस्की यांनी १९८६ मधील ग्रंथात यातून एक वाट दाखविली होती. लेखनात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी संपूर्ण पुस्तके वाचावयास दिली आणि त्यांचे लेखन चर्चासत्राचा विषय केले. व्याकरण आधी आणि विचार नंतर, हा क्रमच त्यांनी नाकारला.

द्विवर्षीय महाविद्यालयांतून आलेल्या लेखकांची उदाहरणेही बोलकी आहेत. १९५० मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळविणाऱ्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स १९३६ मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनिअर कॉलेजातून उत्तीर्ण झाल्या. विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांनी १९६८ मध्ये पासाडेना सिटी कॉलेजची पदविका मिळविली. कादंबरीकार ऑस्कर इहुएलोस यांच्या शिक्षणात ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजचा वाटा आहे. अर्थात अपवादात्मक प्रतिभेवर धोरण उभारता येत नाही. या उदाहरणांवरून एवढेच सिद्ध होते की प्रवेशाच्या वेळची संस्था किंवा तुकडी पाहून क्षमतेचे भाकीत करू नये.

धोरणातील पालट

२०१० च्या सुमारास झालेल्या संशोधनाने रोज यांच्या अनुभवाला संख्याबळ मिळाले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राच्या अभ्यासांत आढळले की उपचारात्मक वर्गांकडे पाठविलेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी ती संपूर्ण मालिका पार करतात. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की इंग्रजीच्या प्रवेशचाचणीत सुमारे तिघांपैकी एकाची वर्गवारी गंभीरपणे चुकते. रोज यांच्या बाबतीत जो अपघात समजला गेला, तो व्यवस्थेचाच भाग असल्याचे यावरून उघड झाले.

बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने २००७ मध्ये वेगळा प्रयोग सुरू केला. उपचारात्मक वर्गात अडकून न ठेवता विद्यार्थ्याला थेट महाविद्यालयीन लेखनाच्या वर्गात घ्यायचे आणि त्याच अध्यापकाकडे जोडीला साहाय्यक तास द्यायचे, अशी ही योजना होती. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने माध्यमिक शाळेतील गुणांना महत्त्व देऊन एका वर्षात विद्यापीठीय स्तराचे इंग्रजी पूर्ण करण्याची संधी वाढविली. दिशा योग्य आहे. मात्र साहाय्यक तासाला अध्यापकाचा वेळ मिळाला नाही, तर जुना अडसर केवळ एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सरकेल.

समारोप

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकाला ही चर्चा परकी वाटणार नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना अनेकदा मूळ वक्त्याचा प्रथमपुरुष आणि भविष्यकाळ कायम ठेवतो. 'तो म्हणाला की मी येईन' ही मराठीतील निर्दोष रचना त्यामागे असते. हे ज्याला दिसते, त्याची तांबडी शाई वेगळे काही लिहील. परंतु तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या अध्यापकाकडून शंभर उत्तरपत्रिकांत हे पाहण्याची अपेक्षा करताना संस्थांनी स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे.

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

१. लेखनातील चूक ही विद्यार्थ्याच्या भाषिक तर्काची खूण असते. ती पात्रतेचा निवाडा मानणे शास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय आहे.

२. शॉनेसींची सूक्ष्मता आणि रोज यांचा संवाद परस्परपूरक आहेत. प्रोफेसर एक्स यांचा निष्कर्ष अमान्य केला तरी त्यांनी दाखविलेली अध्यापकाची दुरवस्था दुर्लक्षिता येत नाही.

३. लेखनात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला साहित्यापासून दूर ठेवणे, हे त्याच्या उणिवेवरील उत्तर होऊ शकत नाही.

४. प्रवेशाचे धोरण आणि अध्यापकाच्या सेवाशर्ती यांचा विचार एकत्र होणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याचा कागद वाचण्यास लागणारा वेळ हाही शिक्षणावरील खर्चाचाच भाग आहे.