इंग्लंडांतील कॅथीड्रलांच्या सहली

मार्गदर्शकामागून इंग्लंडांतील कॅथीड्रलें व मठ पाहणाऱ्या सहलींत एक मोठी उणीव राहते. सॉल्सबरीच्या शिखराची ४०४ फूट उंची सांगतात, ग्लॅस्टनबरीचे भग्नावशेष दाखवितात. परंतु एक उभें कां व दुसरें पडलें कां, हें विचारीत नाहींत. सॉल्सबरी व एक्झीटर येथें मठवासी संन्यासी नव्हते, कॅनन म्हणविणारे पाद्री होते. म्हणून आठव्या हेन्रीच्या मठविध्वंसांतून तीं वांचलीं. ग्लॅस्टनबरीचा मठ इ. स. १५३९ त मोडला, मठाधिपति फांशीं गेला, ग्रंथसंग्रह उधळला. उलट बिशप लिओफ्रिकनें इ. स. १०७२ त मागें ठेविलेली जुन्या इंग्रजी काव्यांची पोथी एक्झीटरांत अद्याप आहे. तिच्या आरंभीं सुरीच्या रेघा, शेवटचीं चौदा पानें जळून भोंक पडलेलीं. एवढी हयगय होऊनहि ती राहिली, कारण तिची जागा मोडली नाहीं.