जालन्याचें बेथेल व त्याचीं साधनें

स्कॉटलंडच्या फ्री चर्चनें हिंदुस्थानांत व आफ्रिकेंत चालविलेल्या मिशनकार्याचा इतिहास रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांनीं इ. स. १८७३ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केला. हंटर हे नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांचे सहकारी होते, व दोघांनीं मिळून त्या प्रांतांतील जीवाश्म गोळा केले, हें भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहे. दगडांतला जीव ओळखणारा लेखक इतिहासास लाभला म्हणजे वाचकाची अपेक्षाहि वाढते. हा ग्रंथ, त्यानंतर पांच वर्षांनीं निघालेलें जॉर्ज स्मिथकृत डॉक्टर विल्सन यांचें चरित्र, आणि डॉक्टर मरे मिचेल यांच्या १८९९ सालच्या आठवणी, हीं तीन पुस्तकें मराठवाड्यांतील ख्रिस्ती कार्याची हकीकत शोधूं पाहणाऱ्याच्या हातीं प्रथम पडतात. तीं अवश्य वाचावीं. पण केवळ तसल्या ग्रंथांच्या भरंवशावर जालन्याजवळील बेथेल गांवाचा इतिहास लिहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बेथेलचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री. दक्षिणी ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या व मुंबईस स्कॉच मिशनच्या विद्यालयांत शिकलेल्या ह्या गृहस्थानें सप्टेंबर १८४३ मध्यें रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें बारा, हाहि मिशनच्या घरीं राहिला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, व न्यायमूर्ति पेरी यांनीं मुलगा बापाच्या स्वाधीन केला. मिशनऱ्यांच्या घरीं जेवलेल्या ह्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, ह्यावर जो गदारोळ झाला, व बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलाचा पक्ष उचलल्यामुळें त्यांस जो जाच सोसावा लागला, तो आमच्या वाचकांस सांगावयास नको. ग. गं. जांभेकर यांनीं १९५० सालीं तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या बाळशास्त्र्यांच्या चरित्र-लेखसंग्रहानें तर हें प्रकरण अभ्यासकांच्या नित्य परिचयाचें करून टाकिलें.

मौज अशी कीं, धाकट्या भावाच्या प्रायश्चित्तावर आमच्याकडे पानेंच्या पानें खर्ची पडलीं. थोरला भाऊ त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षें जगला, त्यानें एक नवें गांव वसविलें, समुद्रापलीकडे जाऊन व्याख्यानें दिलीं, आणि १८९१ सालीं तो वारला, ह्याची मात्र त्या मानानें फारच थोडी दखल घेतली गेली. मनुष्य बाटला म्हणजे तो जातींतून उठतो हें समजतें. तो इतिहासांतूनहि उठावा हें समजत नाहीं. मिशनऱ्यांच्या ग्रंथांवर टीका करण्यापूर्वीं आपल्या घरचें हें न्यून पदरीं घेतलेलें बरें.

आतां मिशनऱ्यांच्या बाजूकडे वळूं. चरित्र म्हटलें कीं चरित्रनायक मध्यें बसतो व इतर सर्व त्याच्या प्रभावळींत उभे राहतात. विल्सनचरित्राच्या चौकटींत शेषाद्री हे एका थोर गुरूचे यशस्वी शिष्य ठरतात. त्यांस १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली, व १८६३ च्या सुमारास ते जालन्यास आले, ह्या गोष्टी मग गुरूच्या कार्याची पुढली पायरी म्हणून वाचल्या जातात. परंतु जालन्यास येऊन जें त्यांनीं केलें तें मुंबईच्या विद्यालयांत कोणी केलेलें नव्हतें. मुंबईंत विद्यालयाच्या बांकांवर उच्च वर्णांचीं मुलें बसत, व एकेक बाप्तिस्मा म्हणजे एकेक खटला होई. जालन्यास त्यांच्याभोंवतीं जमले ते मुख्यत्वें मांग. ह्या स्थित्यंतराचें बीज गुरूच्या चरित्रांत शोधून सांपडणार नाहीं. तें जालन्याच्या मातींतच पाहिलें पाहिजे.

जालना म्हणजे काय ठिकाण होतें? ‘जालना, सोनेका पालना’ ही म्हण त्या प्रांतांत अद्याप ऐकूं येते. व्यापाराची जुनी पेठ, शिवाय १८२७ पासून हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी. कारभार निजामाचा, पण फौजेवरील अधिकारी इंग्रज. अशा दुहेरी सत्तेच्या सांध्यावर नव्या माणसास पाय रोवावयास जागा मिळते. शेषाद्रींनीं ती घेतली, आणि १८७० च्या सुमारास दिवाण सर सालारजंग यांनीं दिलेल्या जमिनीवर ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिला त्यांनीं बेथेल, म्हणजे हिब्रू भाषेंत ‘देवाचें घर’, असें नांव दिलें.

ह्या जमिनीविषयीं आमचा मुख्य आक्षेप आहे. इंग्रजी लेखकांच्या परंपरेंत ती एका उदार मुसलमान मंत्र्यानें ख्रिस्ती उपदेशकास दिलेली देणगी म्हणून वाखाणली जाते. सालारजंग उदार नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु देणगीचें स्वरूप दात्याच्या स्वभावावरून ठरत नसतें. तें दस्तऐवजांतील शब्दांवरून ठरतें, व ते शब्द ज्या वहिवाटींतून आले तिच्यावरून ठरतें. पडीत जमीन लागवडीस आणावयाची, त्यासाठीं नव्या वसाहतवाल्यास कौल द्यावयाचा, आरंभीचीं वर्षें सारा माफ करावयाचा किंवा अगदीं हलका ठेवावयाचा व पुढें तो इस्ताव्यानें चढवीत न्यावयाचा, ही दक्षिणेंतील शेंकडों वर्षांची चाल. नव्या पेठा अशाच वसल्या. उजाड झालेलीं गांवें दुष्काळानंतर वा स्वाऱ्यांनंतर अशाच कौलांवर पुन्हां भरलीं. ज्यांच्या संग्रहीं पेशवाईंतले कौलनामे आहेत त्यांनीं एखादा काढून पाहावा. पाटील, शेटे-महाजन, माफीचीं वर्षें, बाहेरून येणाऱ्या कुळांस अभय, सर्व घटक तेथें दिसतील.

आतां ह्या दृष्टीनें बेथेलकडे पाहा. १८५३ पासून दिवाणगिरीवर असलेले सालारजंग १८६५ पासून राज्याची जिल्हावार घडी बसवीत होते. जिल्हे, तालुके, वसुली अधिकारी हीं नव्यानें नेमलीं जात होतीं. अशा कारभाऱ्यास पडीत शिवारांत कुळें आणून बसविणारा मनुष्य हवाच असतो, मग तो कोणत्या धर्माचा कां असेना. शेषाद्री त्याच्या लेखीं ख्रिस्ती उपदेशक तर होतेच, पण त्याहिपेक्षां गांव वसविण्याचा मक्ता उचलणारे जबाबदार गृहस्थ होते. आमच्या मतें बेथेलची जागा मिशनच्या देणग्यांच्या यादींत लावण्यापूर्वीं कौलांच्या मालिकेंत लाविली पाहिजे. तसें केलें म्हणजे चमत्कार नाहींसा होतो, पण इतिहास हातीं येतो.

दुसरा आक्षेप गांवांत राहणाऱ्यांविषयीं. मिशनच्या अहवालांची रीत आंकड्यांची: इतके बाप्तिस्मे, इतकीं मुलें शाळेंत, इतकी वर्गणी. परंतु ज्या कुटुंबानें जुनें गांव सोडून बेथेलांत पाल ठोकलें त्यानें काय सोडलें, हें आंकडा सांगत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांवगाडा’ (१९१५) मध्यें बलुत्याची जी घडण उलगडून दाखविली तिच्याशीं हें ताडून पाहिलें पाहिजे. मांग हा गांवकीचा बलुतेदार. दोरखंड, नाडे व केरसुण्या करणें, वाजप वाजविणें, राखण करणें हीं त्याचीं कामें. सुगीच्या खळ्यावरील वांटा हा त्याचा हक्क. हक्क तुटपुंजा, त्यास अपमानाची जोड, तरी तो हक्क, व पिढीजाद. धर्म बदलल्यावर तो राहिला काय?

कंपनीच्या मुलखांत १८५० च्या २१ व्या कायद्यानें धर्म वा जात सोडल्यामुळें वारसा बुडूं नये अशी तजवीज झाली होती. निजामाच्या मुलखांत तो कायदा लागू नव्हता. पुण्याच्या वा अहमदनगरच्या बाजूस बाप्तिस्मा घेणारा मांग आणि जालना परगण्यांतील बाप्तिस्मा घेणारा मांग ह्यांच्या पायांखालची जमीन ह्यामुळें निराळी होती. पहिल्यास कोर्टाची वाट मोकळी; दुसऱ्यास पाटलाची मर्जी व दिवाणाचा हुकूम. स्वतंत्र गांव वसविण्याची गरज जालन्यास कां भासली, ह्याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें. वेशीबाहेरच्या मांगवाड्यांत राहून गांवकीशीं रोज झगडण्यापेक्षां जेथें वेसच आपली अशा ठिकाणीं जाणें सोपें. ह्यास कोणी केवळ पोटासाठीं धर्म बदलणें म्हणून नाक मुरडील. पेशवाईंत कौलावर आलेल्या कुळांनीं पोटासाठीं गांव बदललें, म्हणून त्यांस कोणी हिणवीत नाहीं.

हंटर यांच्या ग्रंथानें हिंदुस्थान व आफ्रिका हे दोन खंड एकत्र बांधले आहेत. ह्या बांधणीमागें संस्थेची सोय आहे; दोन्हीकडचा हिशेब एडिंबरोच्या कमिटीपुढेंच जात असे. तरी तुलना करावयाचीच तर ती नेटानें करावी. दक्षिण आफ्रिकेंत केप वसाहतीच्या पूर्व सीमेवर लव्हडेल येथें विल्यम गोव्हन यांनीं १८४१ सालीं विद्यालय उघडलें. गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांच्या साह्यानें तेथें सुतारकी, गवंडीकाम, गाडे बनविणें, लोहारकी असे धंदे शिकविले जाऊं लागले. उच्च विद्या थोड्यांस द्यावी कीं साधें शिक्षण व धंदा पुष्कळांस द्यावा, ह्या वादांतून गोव्हन बाजूस झाले व १८७० सालीं जेम्स स्टुअर्ट यांच्या हातीं संस्था आली. नेमक्या त्याच सुमारास बेथेल उभें राहत होतें. प्रश्न दोन्हीकडे सारखा, पण भेद दोन मोठे. तिकडे सीमेवरच्या लढायांनीं मूळच्या लोकांची भूमि आक्रसत चालली होती, इकडे देशी राज्याच्या दिवाणानें आपल्याच मुलखांतली जमीन दिली. आणि तिकडे वादाचे दोन्ही पक्ष स्कॉच होते, इकडे गांवाचा कर्ता ह्याच देशांत जन्मलेला, शिवाय ज्यांच्यासाठीं गांव त्यांच्यापासून जातीनें सर्वांत दूरचा. मांगांमध्यें जाऊन बसलेला ब्राह्मण, हें बेथेलचें खरें वैशिष्ट्य आहे.

आफ्रिकेशीं महाराष्ट्राचा ह्याहून निकटचा धागा नाशिकजवळील शरणपुरास आहे. चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ सालीं वसविलेल्या त्या ठिकाणीं गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस लेखन व धंदे शिकवीत. त्यांतलाच जेकब वेनराइट हा १८७३ सालीं चितांबोच्या गांवीं वारलेल्या लिव्हिंग्स्टनच्या प्रेताबरोबर दुसऱ्या वर्षीं विलायतेस गेला. व १८७५ सालीं मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलें तेव्हां नाशिकचीं हीं माणसें तेथें उपयोगीं पडलीं. गोदातीरावरच्या शाळेंत शिकलेलें मूल आफ्रिकेंत गांव वसवावयास जातें, ही गोष्ट नाशिकच्या किती स्थलवर्णनांत आढळते, तें वाचकांनींच पाहावें.

१८७३ च्या आक्टोबरांत न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत शेषाद्री बोलले, व परिषदेचा छापील ग्रंथ दुसऱ्या वर्षीं निघाला. हें साधन मोलाचें, कारण येथें कर्ता स्वतः बोलतो. पण तें जपून वापरावें. परदेशांतील श्रोत्यांपुढें उभा राहिलेला उपदेशक आपल्या गांवाचें वर्णन करतो तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें गांवाबरोबर श्रोत्यांची थैलीहि असते. हा दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. आमच्याकडील देवस्थानांच्या बखरी व क्षेत्रमाहात्म्यें ह्याच जातीचीं. त्यांस आम्ही गाळून घेतों, तसेंच ह्यासहि गाळून घ्यावें. टाकून देऊं नये.

राहतां राहिले संग्राहक. सनद, महजर, निवाडपत्र हातीं लागलें तर जपावयाचें, आणि त्याच पेटींतला मिशनचा छापील अहवाल, ज्ञानोदयाचा फाटका अंक किंवा देवळाची बाप्तिस्म्याची वही रद्दींत घालावयाची, ही चाल आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. त्या वहींत आईबापांसह मांगाचें नांव, वय, गांव एका ओळींत येतें. कुळकर्ण्याच्या दप्तरांत तोच मनुष्य बहुधा हक्कापुरता, ‘मांग’ एवढ्याच शब्दांत उभा असतो. कोणत्या कागदास जुना म्हणावें व कोणत्यास मोलाचा, ह्याचा विचार त्यांनींच करावा.

फ्री चर्चच्या परदेशमिशनचे कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत, व निजामशाहीचीं दप्तरें हैदराबादेस. दुसऱ्या ठिकाणीं जाणारांस एक सूचना. ‘बेथेल’ हें नांव फारशी दप्तरांत शोधूं नये. मुनशी लिहितो तो मौजे, परगणा व शिवाराच्या नांवानें. म्हणून आधीं मूळ मौज्याचें नांव व चतुःसीमा जागेवर जाऊन नक्की करावी, आणि मग फसली १२७९ ते १२८१ ह्या सालांचे रुमाल मागवावे.